रुळाखालचं लाकूड बागेत येतं तेव्हा



आज स्लीपरविषयी बोलायचं आहे. पायात घालतात ती स्लीपर नव्हे, आणि रात्रीच्या गाडीचा डबाही नव्हे. रुळांच्या खाली आडवे पडलेले जाडजूड लाकडी ठोकळे असतात ना, ते स्लीपर. आमच्या सुरगाण्याहून थोडं पुढं गेलं की गुजरातची हद्द लागते. तिकडं त्यांना सलेपाट म्हणतात. मला तो शब्द जास्त आवडतो. त्यात पाट आहे, आणि ते लाकूड दिसतंही एखाद्या दांडग्या पाटासारखंच.

हे लाकूड आता बागेत आलं आहे. सापुताऱ्याच्या वाटेवरची हॉटेलं, त्र्यंबक-दिंडोरीकडची फार्महाऊस, नाशिकच्या बंगल्यांची अंगणं, कुठंही पाहा. पायऱ्यांना स्लीपर, वाफ्याच्या कडेला स्लीपर, झाडाखाली बाक म्हणून स्लीपर. दिसतात छान, हे कबूल केलं पाहिजे. उन्हापावसानं करडे पडलेले, भेगाळलेले, खिळ्यांच्या भोकांभोवती गंजाचे डाग असलेले. असलं रूप नव्या लाकडाला आणायचं म्हटलं तर वीस-तीस वर्षं थांबावं लागेल. आणि ते लावायच्या कामाला जी माणसं जातात त्यांत आमच्या तालुक्यातलेही पुष्कळ असतात. द्राक्षबागांच्या हंगामाला, बांधकामाला नाशिककडं जातात, तशीच या कामालाही. एवढ्यासाठीच मला या विषयावर बोलावंसं वाटलं. नाहीतर मी कविता लिहिणारा माणूस, मला बागेतल्या सजावटीचं काय?

थोडा इतिहास सांगतो. मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. लोहमार्ग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लोखंड येतं. पण एका किलोमीटरच्या रुळाला हजारावर स्लीपर लागतात, आणि तेव्हा ते मुख्यतः लाकडाचेच असत. सुरुवातीला काही स्लीपर चक्क इंग्लंडहून जहाजानं आले. बाल्टिक समुद्राकडचं पाइनचं लाकूड, तेल पाजलेलं. मग इथल्या जंगलांकडं नजर वळली. साग, साल, देवदार. हिमालयातले देवदाराचे स्लीपर भागीरथी-यमुनेच्या पाण्यात सोडून खाली मैदानात आणत. १८६४ साली वन खातं उभं राहिलं, त्यामागच्या मोठ्या कारणांत रेल्वेला लागणारं हे लाकूड होतं.

आमच्या शेजारच्या डांगाची गोष्ट याच्याही आधीची. तिथल्या सागावर इंग्रजांचा डोळा मुंबईच्या गोदीसाठी होता, जहाजांसाठी. १८४२ साली त्यांनी भिल्ल राजांकडून त्या जंगलाचा पट्टा घेतला. पुढं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बडोद्याच्या गायकवाडांनी बिलिमोऱ्याहून वघईच्या दिशेनं अरुंद रुळांची गाडी काढली. माणसं बसतच, पण जंगलातलं लाकूड खाली आणणं हे तिचं मोठं काम. तीच गाडी २०२० साली कायमची बंद करायचं ठरलं होतं. लोकांनी ओरड केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

रुळाखालचा स्लीपर किती टिकतो? नुसतं सागाचं किंवा सालाचं लाकूड साधारण बारा-पंधरा वर्षं. म्हणजे एकदा जंगल तोडून भागत नाही, पुन्हा पुन्हा तोडावं लागतं. साठच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या रेल्वेनं काँक्रीटचे स्लीपर बसवायला सुरुवात केली. १९९२ पासून मीटरगेज आणि नॅरोगेज मार्ग मोठे करायचा कार्यक्रम निघाला, तेव्हा जुनं लाकूड आणखी उखडलं गेलं. रेल्वे ते भंगारात काढते, लिलाव होतो, व्यापारी घेतात. तिथून ते बागेत येतं. आता नवे लाकडी स्लीपर रुळाखाली जवळजवळ पडत नाहीत, तेव्हा हा जुना साठाही आटत जाणार. ‘अस्सल रेल्वेचा’ म्हणून जे विकतात ते सगळं अस्सल असतंच असं नाही.

अस्सल ओळखायचा कसा? मोजून. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर पावणेतीन मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद आणि १३ सेंटिमीटर जाड. आपल्या भाषेत नऊ फूट, दहा इंच, पाच इंच. मीटरगेजचा सहा फुटांच्या आसपास. रूळ जिथं बसत होता तिथं खिळ्यांची भोकं आणि दाबाचा खोलगट ठसा दिसतो. वजन लाकडावर आहे. ब्रॉडगेजचा असेल तर साठ ते ऐंशी किलो धरा. एकट्यानं उचलायला जाऊ नका.

पण अस्सल की नकली यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. त्या लाकडाला काय पाजलंय?

आपल्या रेल्वेत लाकडाचे दोन वर्ग होते. साग, साल यांसारखी मुळातच टिकाऊ लाकडं तशीच वापरत, त्यांच्यावर प्रक्रिया करत नसत. चीड, कैल यांसारखी हिमालयातली लाकडं वाळवी आणि बुरशीपुढं टिकत नाहीत. त्यांना क्रिओसोट पाजत. दगडी कोळशापासून डांबर निघतं, ते तापवून त्यातून मिळणारं काळपट तेल म्हणजे क्रिओसोट. ते जळाऊ तेलात मिसळायचं, लाकूड मोठ्या लोखंडी नळकांड्यात बंद करायचं आणि दाबानं तेल आत घुसवायचं. पंजाबात ढिलवान इथं गेल्या शतकाच्या विसाच्या दशकापासून हे काम चाले. युक्ती नामी होती. चार-पाच वर्षांत कुजणारं लाकूड त्यामुळं कितीतरी पट टिकू लागलं आणि तेवढी झाडं वाचली. पण जे तेल वाळवीला मारतं ते आपल्याला सोडील कसं? क्रिओसोटातली काही द्रव्यं कर्करोगाला कारण होऊ शकतात. कातडीला ते लागलं आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखी आग होते. युरोपीय संघानं २००१ साली नियम केला आणि २००३ पासून तो लागू झाला. घराच्या आत, खेळाच्या मैदानात, आणि बागेत जिथं कातडी वारंवार लागेल अशा ठिकाणी असं लाकूड वापरायचं नाही. आपल्याकडं बाजारात कुणी याबद्दल चकार शब्द काढत नाही.

म्हणून विकत घेताना नाक वापरा. डांबरी गोळीसारखा, जळक्या तेलासारखा वास आला तर क्रिओसोट आहे. स्लीपर उन्हात पडलेला असेल तर हात लावून पाहा, चिकट काळं काही बोटाला लागतं का. एक टोक करवतीनं दोन बोटं कापायला सांगा. कडेकडेला काळं आणि आत पिवळट दिसलं तर तेल पाजलेलं आहे. कापल्यावर आतून तपकिरी, स्वच्छ, सागाचा ओळखीचा वास आला तर निर्धास्त घ्या, पैसे जास्त पडले तरी. एवढं मात्र लक्षात ठेवा की त्या लाकडावर वर्षानुवर्षं गाड्यांचं तेल, वंगण आणि डब्यांतल्या संडासातलं सगळं पडलेलं असतं. जैवशौचालयं बहुतेक डब्यांना बसायला २०१९ साल उजाडलं. तेव्हा लाकूड आणलं की आधी ब्रशनं घासून, भरपूर पाण्यानं धुऊन घ्या.

हल्ली नवे, हिरवट छटेचे पाइनचे ‘ट्रीटेड’ ठोकळेही मिळतात. या हिरवट छटेमागं बहुधा तांबं असतं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक म्हणजे सोमल यांचं मिश्रण लाकडाला पाजायची पद्धत डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम या आपल्याच शास्त्रज्ञानं १९३३ साली शोधली आणि ती जगभर गेली. पण सोमलामुळं अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती कामांसाठी ते लाकूड बनवणं थांबलं. आता सोमल नसलेली मिश्रणं आली आहेत. दुकानदाराला विचारा आणि लेखी मागा.

आता लाकूड मातीत गेल्यावर काय होतं ते सांगतो. आमच्याकडं एक म्हातारे सुतार होते. त्यांना मी एकदा विचारलं, “बाबा, लाकूड किती वर्षं टिकतं?” हातातला वाकस खाली न ठेवता म्हणाले, “भाई, पाण्यात बुडवून ठेवा, टिकतं. छपराखाली कोरडं ठेवा, टिकतं. दोन्हीच्या मधी ठेवलंत की गेलं.” बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. म्हणून विहिरीच्या तळाशी घातलेलं जांभळीचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या राहतं, घराचं आढं राहतं आणि कुंपणाचा खांब मात्र नेमका जमिनीलगत, वीतभर पट्ट्यात कुजून मोडतो. बागेतला स्लीपर जन्मभर याच पट्ट्यात राहतो.

आम्ही मुसलमान मयत दफन करतो तेव्हा मयतीवर आडव्या फळ्या ठेवून मग माती लोटतो. त्या फळ्यांना कुणी तेल पाजत नाही, रंग लावत नाही. साधं, स्वस्तातलं लाकूड. ते कुजणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते कुजावं असंच असतं. मातीत लाकूड घालायच्या या दोन अगदी वेगळ्या तऱ्हा झाल्या. बागेसाठी लाकूड निवडताना मला त्या फळ्या आठवतात. काही वर्षांनी कुजलं तर बिघडलं काय? फुलांच्या वाफ्याची कड आठ-दहा वर्षांनी बदलली तर कुणाचं घर पडत नाही. ‘कायम टिकेल’ असं लाकूड हवं, हा हट्टच आपल्याला क्रिओसोटाकडं नेतो.

त्या सुतारबाबांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. झाडाचं लाकूड सगळं सारखं नसतं. सालीच्या लगतचं पांढरं लाकूड वाळवी दोन पावसाळ्यांत फस्त करते, आतला गडद गाभा तिला सहजी पचत नाही. सागाचाच स्लीपर असला तरी कडेला पांढरा पट्टा दिसतो का ते पाहा. असलाच तर तो भाग वर, उजेडाकडं ठेवा, मातीकडं नको. गाभ्याचं लाकूड टिकाऊ म्हणून आमच्याकडं साग, खैर, शिसव, बिबळा ही नावं घेतात. सावर, आंबा, मोई मातीत घालायला कुणी घेत नाही.

मग इथलंच नवं लाकूड आणावं का? आणता येतं, पण रीतसर. साग, खैर यांच्या वाहतुकीला वन खात्याचा परवाना लागतो. आदिवासी खातेदाराच्या शेतातलं झाड विकायचं असेल तर त्यासाठी १९६९ सालचा वेगळा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कारण सरळ आहे. व्यापारी शेतातला उभा साग दारूच्या नाहीतर उसनवारीच्या बदल्यात कवडीमोलानं उचलत. त्याला आळा घालायला तो कायदा आला. तुम्हाला कुणी फार स्वस्तात, रातोरात, बिल न देता सागाचे ठोकळे आणून देतो म्हणाला, तर ते कुठल्या डोंगरावरून आले असतील याचा विचार करा. जुन्या स्लीपरलाही बिल मागाच.

आणि खरं सांगू का, आमच्या भागात उतारावर माती धरून ठेवायला लाकूड कुणी वापरत नाही. दगडाचा बांध घालतात. बिनचुन्याचा, बिनसिमेंटचा, दगडावर दगड बसवून. पाणी मधल्या फटींतून निघून जातं, बांध उभा राहतो. हातगडाच्या पायथ्याच्या शेतांत, उंबरठाणच्या वाटेवर असे बांध दिसतील. आमच्या पावसात ते टिकतात, मग नाशिकच्या बागेत का टिकू नयेत? पायऱ्यांपुरतं आणि कडेपुरतं लाकूड, उंच भिंतीला दगड, अशी माझी आवड. ज्याची त्याची हौस वेगळी.

लाकूडच लावायचं ठरलं तर चार गोष्टी कामाच्या. नुसत्या मातीवर स्लीपर टाकू नका. चार-सहा इंच चर खणा, खाली मुरूम किंवा बारीक खडी ठोकून बसवा, म्हणजे लाकडाखाली पाणी साचणार नाही. प्रत्येक स्लीपरला दोन भोकं पाडून बारा मिलिमीटरची सळई दोन फूट जमिनीत ठोका. भोकं पाडायच्या आधी लोहचुंबक फिरवून घ्या, आत मोडलेला खिळा असला की गिरमिटाचं पातं गेलंच. एकावर एक रचायचे तर विटांसारखे सांधे चुकवा, प्रत्येक थर इंचभर मागं घ्या आणि पाठीमागं मातीऐवजी खडी भरा. दोन फुटांवर जाऊ नका. त्यापुढं मातीचा आणि पाण्याचा दाब हा अभियंत्याचा विषय आहे.

पायरीला स्लीपरची पाच इंच उंची म्हाताऱ्या गुडघ्यांनाही सोसते. रुंदी मात्र दहाच इंच, पाऊल पुरतं मावत नाही. मागं पाच इंच मुरुमाची किंवा फरशीची पट्टी द्या. पावसाळ्यात लाकडावर शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो. वरच्या अंगाला करवतीनं आडव्या खाचा पाडा किंवा बारीक जाळी ठोका. हे आमच्या पावसात राहून सांगतोय.

क्रिओसोटवाला स्लीपर आधीच घेऊन झाला असेल तर तो बाक करू नका, उन्हाळ्यात त्यातून डांबर पाझरतं. झोपाळ्याजवळ, मुलांच्या वाळूजवळ नको. भाजीच्या, कोथिंबिरीच्या वाफ्याला तर अजिबात नको. आतून प्लॅस्टिक लावलं की झालं, असं सांगणारे भेटतील. प्लॅस्टिक फाटतं. वाहनतळाची कड, फाटकापासूनच्या रस्त्याची कड, अशा हात न लागणाऱ्या जागी तो पडून राहू द्या.

आता ज्यासाठी हे सगळं बोललो ते. स्लीपर बागेत लावला की मालक त्याच्यापासून दोन हात लांबच असतो. पावलाला चप्पल असते. पण तो कापणाऱ्याच्या अंगावर भुसा उडतो, घामावर चिकटतो, नाकात जातो. हातमोजे, तोंडाला फडकं, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काम झाल्यावर साबण एवढं तरी मालकानं द्यावं. आणि संध्याकाळी काम संपलं की बागेच्या कोपऱ्यात हातभर लांबीचे तुकडे उरतात. मालक मोठ्या मनानं म्हणतो, “घेऊन जा रे, चुलीला होतील.” तेलकट लाकूड, पटकन पेट घेतं, जळण म्हणून एक नंबर. माणूस गाठोडं बांधून घेऊन जातो. मुक्कामाच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गावच्या कुडाच्या घरात ते चुलीत जातं. त्यावर भाकरी होते, बाजूला पोर बसलेलं असतं, धूर जायला जागा नसते. क्रिओसोट पाजलेलं लाकूड जाळायचंच नसतं, उघड्यावरसुद्धा नाही, शेकोटीला नाही, बंबाला नाही. आणि हे त्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं, कारण मालकालाही कुणी सांगितलेलं नसतं.

यावर उपाय अवघड नाही. मुळात तुकडे पडूच नयेत अशी बाग आखा. नऊ फुटांचा स्लीपर आहे ना, तर वाफ्याची कड नऊ फुटांची, अठरा फुटांची धरा. पायरी नऊ फूट रुंद नको असेल तर मीटरगेजचा सहा फुटी स्लीपर घ्या. कागदावर एक संध्याकाळ घालवली की करवत फारशी लागत नाही. तरी काही उरलंच तर ते परत न्यायचं, हे व्यापाऱ्याशी आधीच ठरवून घ्या, आणि माणसांना चुलीसाठी लाकूडच द्यायचं असेल तर बाभळीची मोळी विकत आणून द्या. परत नेण्याचं बोलणं मात्र गाडीतून माल उतरायच्या आधी करा. माल एकदा उतरला, पैसे मिळाले, की ती गाडी तुमच्या फाटकाकडं पुन्हा वळत नाही.